नव्वद सेंटीमीटरचं रीडिंग

“सर, हे पहा ना जी. नव्वद सेंटीमीटरले तेहेतीस सेकंद. याच्यात बी तेच. अन् याच्यात बी तेच.”

हेमलता एकेक जर्नल माझ्या टेबलावर आपटत होती. म्हणजे ठेवतच होती, पण मला आपटल्यासारखं ऐकू येत होतं. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रयोग करायचा, आलेले आकडे म्हणजे रीडिंग लिहायची, उत्तर काढायचं, सरांची सही घ्यायची. टेबलावर अकरा वह्या झाल्या. वर्षं वेगवेगळी, पोरं वेगवेगळी. सही मात्र अकराही वह्यांवर माझी.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कुडव्याहून रोज मोटरसायकलने येतो. डिपार्टमेंटला तीन खुर्च्या आहेत. दोघं रिटायर झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यामुळे एचओडी मीच आणि एचओडीच्या हाताखालचाही मीच. डबा खाताना समोर कॅलेंडर असतं. सणवार मला तोंडपाठ झालेत.

हेमलता सौंदडकडची. घरी धानाची शेती. आता नव्या पद्धतीत डिग्रीला मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो. मुख्य तो मेजर, जोडीचा तो मायनर. फिजिक्स मेजर आणि इतिहास मायनर घेणारी अख्ख्या कॉलेजात ही एकटी. स्टाफरूममध्ये हशा पिकला. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” कोणीतरी म्हणालं. मीही हसलो.

टाइमटेबल माझ्याकडे होतं. सायन्सचे तास सकाळी, प्रॅक्टिकल आणि आर्ट्सचे तास दुपारी, ही आमची जुनी वहिवाट. हिचं प्रॅक्टिकल नेमकं इतिहासाच्या तासावर येत होतं. मी सोपा उपाय काढला: हिचं प्रॅक्टिकल शनिवारी, एकटीचं. कागदावर झकास बसलं.

सायन्सची पोरं तिला आर्ट्सवाली म्हणायची आणि आर्ट्सची पोरं सायन्सवाली. दोघांच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर ती नव्हती. सुट्टी जाहीर झाली की बिचारी बस पकडून यायची आणि बंद वर्गासमोर उभी राहायची. एकदा मी विचारलं, “डबा कोणासोबत खातेस?”

“बस स्टँडवर, सर. तिथं निदान माणसं राहतात.”

मला वाईट वाटलं. पण टाइमटेबल मी बदललं नाही, हेही खरं.

लंबकाचा प्रयोग जोडीनं करायचा असतो. लंबक म्हणजे दोरीला टांगलेला गोळा. एकानं झोके मोजायचे, दुसऱ्यानं स्टॉपवॉच दाबायचं. ही दोन्ही कामं एकटीच करायची. शिवाय बाकीच्यांकडे सिनिअरची जर्नल असते. गावात लग्नाची मोठी भांडी फिरतात, तशी ती दर वर्षी हातोहात फिरते. रीडिंग उतरवायची, उत्तर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा, नऊ पूर्णांक आठ आणायचं, की झालं. मला हे माहीत नव्हतं असं म्हटलं तर माझी बायकोसुद्धा हसेल. हेमलताला जर्नल कोण देणार? तिनं खरंच मोजलं आणि उत्तर साडेनऊ आलं. आपलं कुठे चुकलं म्हणून तिनं कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. मी आळसानं त्या रद्दीला दिल्याच नव्हत्या.

आता गंमत बघा. दोरी जेवढी लांब, तेवढा झोका सावकाश. ऐंशी सेंटीमीटरच्या दोरीला वीस झोक्यांना छत्तीस सेकंद लागत असतील, तर नव्वदला अडतीस लागायला हवेत. वह्यांत होते तेहेतीस. आणि खाली उत्तर मात्र ठणठणीत नऊ पूर्णांक आठ!

“इतिहासाच्या मॅडमनं शिकवलं,” हेमलता म्हणाली. “हातानं उतरवलेल्या पोथ्यांमध्ये एकच चूक सापडली, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असं धरायचं. मंग मूळ पोथी शोधायची. सर, माझा प्रोजेक्ट हाच करू का? दोन्ही विषय येतात याच्यात.”

“दुसरा विषय घे.”

“काऊन, सर?”

“बाहेरचे परीक्षक येतात. कॉलेजची बदनामी होईल.”

“पण हे खरं आहे ना, सर?”

“खरं आहे म्हणून तर!”

बोलून गेलो. तिनं वह्यांची चळत सरळ केली. मग हळूच म्हणाली, “बाबा म्हणून राहिले, प्रोजेक्ट बुडला तर इतिहास तरी सोड नाही तर कॉलेज तरी सोड. मले दोन्ही पाहिजे, सर. माझ्याजवळ जोडीदार नाही, सिनिअर नाही. इतक्या दिवसांत माझं म्हणून हेच एक सापडलं.”

मी हो म्हणालो.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. हातात वही, उघडं पेन. “सर, सगळ्यात जुनी जर्नल तुमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची निघाली. हे आकडे कुठून आले, तुम्हाले आठवते का?”

“नाही,” मी म्हणालो.

आठवत होतं. चांगलं आठवत होतं. लॅबमध्ये एकच स्टॉपवॉच होतं, ते दुरुस्तीला गोंदियाला गेलेलं. परीक्षा आठ दिवसांवर. मी नवा, घाबरलेला. घरी बसून सूत्रावरून आकडे काढले आणि फळ्यावर लिहून दिले. घाईत अडतीसचे तेहेतीस झाले. एकदाच केलं हो, एकदाच! पुढचं पोरांनी केलं. आणि बावीस वर्षं मी त्यावर डोळे मिटून सह्या केल्या.

तिनं पेनाला टोपण लावलं आणि गेली. ती गेल्यावर मी ती जुनी वही काढून पाहिली. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘सरांनी फळ्यावर दिले’. पोरीनं ते वाचलं नसेल असं होणं शक्यच नव्हतं.

सादरीकरणाला परीक्षक आले. मागे तिच्याच वर्गातली पोरं बसलेली. “आपली वाट लावून राहिली ही,” असं कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं. हेमलतानं तक्ता उलगडला. तिनं वह्यांची वंशावळ काढली होती. कोणती कोणावरून उतरली, ते बाणांनी दाखवलेलं. सगळ्यात वर एक चौकट होती. रिकामी.

“इथे कोण?” परीक्षकांनी विचारलं.

“मूळ स्रोत मिळाला नाही, सर.”

“मग हे संशोधन कसं? हा नुसता आरोप झाला. एवढ्या मुलांना चोर म्हणायचं आणि सुरुवात कोणापासून ते माहीत नाही! विषय बदला, पुढच्या वर्षी या.”

हेमलता माझ्याकडे बघत नव्हती. एकदा जरी बघितलं असतं ना, तरी मी कदाचित गप्प बसलो असतो. ती समोरच्या भिंतीकडे बघत, ओठ आवळून उभी होती. या पोरीचं पुढचं वर्ष जात होतं, इतिहास जात होता, कदाचित कॉलेजही. आणि ते सगळं ती माझ्यासाठी घालवत होती. ज्यानं तिला शनिवारी एकटं बसवलं, त्याच्यासाठी! मला माझीच शिसारी आली.

“त्या चौकटीत माझं नाव घाला,” मी म्हणालो आणि उभा राहून स्टॉपवॉचपासून सगळं सांगितलं.

प्रोजेक्ट पास झाला, तोही चांगल्या मार्कांनी. मला प्राचार्यांचं पत्र आलं, लेखी खुलासा मागणारं. मी दिला. त्या वर्षीच्या सगळ्या पोरांना लंबक पुन्हा टांगायला लावला, त्यामुळे पोरं माझ्याशी बोलेनाशी झाली. स्टाफरूममध्ये मी शिरलो की चहा गार व्हायला लागतो. माझ्या खुलाशानं आता प्रत्येकाच्या सह्या तपासल्या जाणार होत्या, त्यांचं तरी काय चुकलं?

पुढच्या शनिवारी हेमलता आली. मला वाटलं, आभार मानेल. डोळेही जरा भरून आले होते माझे. तिनं वही उघडली.

“सर, तुमची मुलाखत राहिली. स्टॉपवॉच दुरुस्तीले गेलं होतं म्हणता, त्याले दुसरा काही पुरावा?”

“अगं, मी सांगतो आहे ना!”

“आधी तुम्ही ‘आठवत नाही’ बी म्हटलं होतं, सर.”

आणि माझ्यासमोरच तिनं लिहून घेतलं: ‘साक्षीदार एक. पूर्वी एकदा खोटे बोललेला.’

नोंद बरोबर होती. फिजिक्सवाल्यांना एवढंच सांगेन, इतिहास शिकलेल्या पोरीला पहिलंच उत्तर खरं द्यावं. दुसऱ्या उत्तराला पुरावा मागतात.