विकत घेतलेल्या घरातली दुपार

घर घ्यायचं ठरलं तेव्हा शेवटी दोनच फ्लॅट उरले. एक कात्रजच्या पुढे, नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. दुसरा मार्केट यार्डजवळच्या जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला. नवऱ्याला नवा हवा होता. आम्ही दोघंही विदर्भातून शिकायला आलो आणि नोकऱ्या लागून इथलेच झालो. भाड्याच्या प्रत्येक घरात आधीच्या माणसांचे खिळे भिंतीत असायचे. "एकदा तरी कोरं घर हवं," तो म्हणायचा.

टॉवरचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, आणि पलंग इतका आखूड की मोठं माणूस त्यावर मावलंच नसतं. मला तिथे कसंतरीच झालं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "मला माणसं राहिलेलं घर हवंय." बरीच वादावादी झाली, आणि माझं ऐकलं गेलं.

जुन्या फ्लॅटमध्ये एक काकू एकट्या राहत होत्या. हॉलमध्ये त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो होता. मुलाने कात्रजकडे नवीन घर घेतलं होतं आणि तो आईला तिकडे नेणार होता. व्यवहाराचं सगळं तोच बोलला. काकू फक्त बेडरूम दाखवताना म्हणाल्या, "इथे दुपारी फार छान झोप लागते. यांना तर हाका मारून उठवावं लागायचं."

राहायला गेल्यावर महिनाभर काही नाही. मग एकदा ऑफिसातून आले तर बेडरूमचे पडदे ओढलेले. सकाळी मी ते उघडे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. आम्ही सकाळी एकेकच कप चहा घेतला होता आणि कप सिंकमध्येच टाकून गेलो होतो. गॅसचा खालचा कॉक बंद. तो मी कधीच बंद करत नाही.

"तूच केला असशील," नवरा म्हणाला. "काय तू पण!"

"मी नाही केला."

"मग मी केला. झालं?"

पण त्या रात्री त्याने दाराची वरची कडीही लावली.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला. नवरा कामावर गेला आणि मी गोळी घेऊन झोपले. दुपारी दाराचं लॅच फिरल्याचा आवाज आला. नवरा आला असेल म्हणून पडून राहिले. चपला काढल्या गेल्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, लायटर दोनदा खटखटला. नवरा स्वतःहून चहा ठेवणाऱ्यातला नाही. मी भिंतीला धरत बाहेर आले.

ओट्यापाशी काकू उभ्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, समोर दोन कप. मला बघून दचकल्या नाहीत.

"घर बघायला आलात का?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. "आज नाही दाखवता येणार. हे आत्ताच पडलेत."

माझ्या मागे बेडरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या पलंगावरून मी नुकतीच उठून आले होते. तरी मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

"काकू, बसा ना," मी म्हटलं. माझाही आवाज आपोआप खाली आला होता.

आम्ही दोघी हॉलमध्ये बसलो. एक कप त्यांनी मला दिला. दुसरा बशीने झाकून ओट्यावरच ठेवला. मी बाल्कनीत जाऊन काकूंच्या मुलाला फोन लावला. तो तासाभरात आला, घामाघूम. "आई रोज देवळात जाते म्हणून सांगायची," तो म्हणाला. "हिच्याकडे जास्तीची किल्ली आहे हे मला माहीतच नव्हतं, हो." त्याने तिच्या पिशवीतून किल्ली काढून घेतली. जाताना काकू मला म्हणाल्या, "तुम्हीही निघा आता. तुमचं घर लांब असेल."

खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या तर बऱ्याचदा येतात. आम्हाला वाटलं, तुमचं तसं ठरलंय." आणि दार लावून घेतलं.

किल्ली परत मिळाली होती, तरीही नवऱ्याने कुलूप बदललं.

काही दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, मी एकटीच घरी होते. लॅचमध्ये किल्ली शिरल्याचा आवाज आला. ती फिरेना. बाहेर काढली, पुन्हा घातली. म्हणजे त्यांच्याकडे अजून एक होती. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. काकूंनी किल्ली पिशवीत टाकली आणि कान दाराला लावला. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त एक फळी होती.

"अहो, उठलात का?" त्यांनी विचारलं.

मी भिंगाला डोळा लावून उभी राहिले. दार उघडायला हवं होतं, पाणी तरी विचारायला हवं होतं. हात कडीपर्यंत गेलाही. पण तेवढ्यात काकूंचा चेहरा उजळला. उत्तर ऐकू आल्यासारखी त्यांनी मान हलवली. "बरं, पडा अजून थोडा वेळ," म्हणाल्या आणि कठड्याला धरत जिना उतरू लागल्या.

मी मुलाला फोन केला. तो लगेच निघाला, आणि त्या त्याला बसस्टॉपवर शांत बसलेल्या सापडल्या. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.

उत्तर मी दिलं नव्हतं, एवढं मला नक्की माहीत आहे. हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.