एका दाबात

कॅम्प दोन वस्तीतल्या त्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. मी त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि ते मला ताई. तेव्हा मी अंबरनाथहून नेमबाजीच्या क्लबात जायचे. माझ्या पिस्तुलाच्या मॅगझिनची स्प्रिंग इतकी कडक होती, की पाच गोळ्या भरेपर्यंत नख तुटायचं. शिवाय ते पिस्तुलात बसवायला तळहाताने दोनदा ठोकावं लागायचं.

क्लबच्या सरांची चिठ्ठी आणि रिकामं मॅगझिन मी मिस्त्रींपुढे ठेवलं. त्यांनी मॅगझिन बाजूला सारलं. "आधी अंगठा दाखवा ताई," म्हणाले, आणि व्हर्नियरने चक्क माझा अंगठा मोजला. मग त्यांनी अंगठा टेकवायला पितळेचं बटण केलं आणि तळाला जाड रबर लावलं. कडा घासताना मधेच थांबून ते मॅगझिन कानाशी हलवून बघायचे. "जबरदस्ती करायची नाय. आवाज काय बोलतो ते ऐकायचं."

स्पर्धेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. भरायचा हुकूम झाला. गोळ्या सरसर आत गेल्या आणि मॅगझिन एका दाबात टक्कन बसलं. पिस्तूल निशाण्याकडेच ठेवून मी आनंदाने मान वळवली. मिस्त्री पाठमोरे उभे होते, कान आमच्याकडे लावून. ते समाधानाने मान हलवत होते. मग त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि पहिली गोळी सुटायच्या आत भराभरा बाहेर निघून गेले.