तिसऱ्या रांगेतून

केशकर्तनालयात त्याला सगळे ‘कोरस’ म्हणत. दुकान त्याचंच, वडिलांकडून आलेलं. दिवसभर तिथे एकाच बँडची गाणी वाजायची आणि गायकाने ओळ टाकली रे टाकली की हा कात्री चालवता चालवता ती मागून उचलायचा. गिऱ्हाईकं ओरडायची, “अरे, कान आमचे आहेत, जपून!” फळीच्या पातळ भिंतीपलीकडे बायको कपडे शिवायची. “तुमच्या त्या बोंबल्यांपायी माझी शिलाई वाकडी जाते,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

तो बँड कित्येक वर्षांनी पुन्हा एकत्र येऊन गाणार, असं कळलं आणि कोरसला आभाळ ठेंगणं झालं. कार्यक्रम दूरच्या शहरात होता. त्याने ओळखीच्या प्रत्येकाला बातमी सांगितली, दुकानाला कुलूप लावलं आणि आगगाडी पकडली. बायको कुरकुरत का होईना, सोबत निघाली. “एकटे गेलात तर हरवाल, मग शोधायला मलाच यावं लागेल.” कोणतं गाणं आधी होईल, कोणतं शेवटी, हे तो वाटभर सांगत राहिला. शेवटी ती म्हणाली, “अहो, आपल्या लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हता तुम्ही.”

मैदानात त्यांना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. टळटळीत दुपार होती. गायक आला आणि माईकच्या दांड्याला धरूनच उभा राहिला. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात वरच्या सुराला आवाज फाटला. तिसऱ्याच्या मध्येच तो शब्द विसरला आणि गप्प उभा राहिला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

कोरसच्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या लांबून आलो, गावभर सांगून आलो, आता परत जाऊन काय सांगायचं? तो ताडकन उठला.

“जमत नसेल तर घरी जा, म्हाताऱ्या!”

आवाज खणखणीत लागला. आजूबाजूचे खो-खो हसले. क्षणभर त्याला ते हसणं आवडलंसुद्धा.

गायकाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, चूक पकडली गेलेल्या मुलासारखं. “खरंय तुमचं,” तो माईकवर म्हणाला. “पण एवढं एक गाणं पुरं करू द्या.”

गिटार सुरू झाली. तो खालच्या सुरात गायला लागला आणि जिथे आवाज पोचणार नव्हता तिथे त्याने माईक लोकांकडे वळवला. कोणी तोंड उघडेना. तेवढ्यात कोरसच्या शेजारून बेसूर, पण खडा आवाज आला. बायको उभी राहून गात होती. शब्दन् शब्द बरोबर! मग दुसरं कोणी गायलं, मग दहा जण, मग सगळं मैदान. कोरस मात्र न गाता खाली बसला. गाणं संपेपर्यंत तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

नंतर गायक मंचाच्या पायऱ्यांशी खुर्ची टाकून बसला. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते.

“चला, भेटून या,” बायको म्हणाली.

“गाडी चुकेल.”

गाडीला बराच अवकाश होता. तिलाही ते ठाऊक होतं. फलाटावर दोघं बाकड्यावर जाऊन बसली.

“तुला सगळं पाठ आहे?” त्याने हळूच विचारलं.

“भिंत पातळ आहे आपली.” मग ती म्हणाली, “अहो, त्या माणसाला कोणीतरी हात द्यायला हवा होता. मला वाटलं, तुम्ही द्याल.”



परत येऊन दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते निवृत्त पोस्टमन. खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं, “काय कोरस, कसा झाला कार्यक्रम?”

‘झकास’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याने सगळं सांगून टाकलं. पोस्टमन मांडीवर थाप मारून हसले. “बरं केलंस! फुकट थोडाच गेला होतास!”

“हसू नका,” कोरस म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. “हसण्यासारखं नव्हतं ते.”

पोस्टमनांनी आरशातून त्याच्याकडे नीट पाहिलं. गायकाच्याच वयाचे होते ते. “मग माफी मागितलीस?”

“फार गर्दी होती.”

त्याने कंगवा पाण्यात बुडवला, बाहेर काढला, झटकला. कात्री हातात घेतली, पण चालवली नाही.

“नव्हती गर्दी,” तो म्हणाला. “चार पावलांवर बसला होता. माझीच छाती झाली नाही.”