इनासमामांची नखं

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या चर्चच्या सेवागटातर्फे मी आणि लीना अंधेरी गावठाणातल्या इनासमामांकडे गेलो. मामा आंधळे, एकटेच राहतात. हात थरथरतात, म्हणून गटातली फिलूबाय त्यांची नखं कापायची. गेल्या आठवड्यात ती वारली. आज मामांना ते सांगायचं होतं.

मी आधी मामांचा हात हातात घेतला आणि नेलकटर काढलं.

"राहू दे गं, सकाळीच फिलू कापून गेली."

बघते तर दहाही नखं नीट कापलेली!

शेजारीण सकाळपासून मामांच्या दारासमोरच्या ओट्यावर मासळी साफ करत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "कोण नाय आलं."

लीनाने हळूच विचारलं, "मामा, फिलूबाय काय म्हणाली?"

"म्हणाली, पुढच्या वेळेपासून तुम्ही दोघी येणार."

आम्ही काहीच न सांगता निघालो. तुम्ही सांगितलं असतं?