उत्तमने फोडलेला ओटा

तुमच्या मंडळाची मूर्ती गल्लीत येते, तेव्हा वाटेतला स्पीडब्रेकर कोण उखडतं? माहीत नाही म्हणू नका. सगळ्यांना माहीत असतं.

लालबागच्या एका गल्लीत हे काम उत्तम परबकडे होतं. आगमनाआधी फांद्या छाटायच्या, केबल बांबूने वर धरायच्या, खड्डे बुजवायचे. ट्रॉलीला हिसका बसून मूर्तीला तडा गेला, तर चाळीत तोंड दाखवायला जागा नाही. त्याच्या हातून मूर्तीवर कधी ओरखडा उठला नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा.

दोन वर्षांपूर्वी शहराने मनावर घेतलं, की रस्त्यावर एकही माणूस मरता कामा नये, कुणी जन्माचा अधू होता कामा नये. त्या योजनेत गल्लीच्या तोंडाशी, रस्ता ओलांडायच्या जागेवर, फूटपाथच्या उंचीची रुंद पट्टी बांधली गेली. गाड्या आपोआप दबकून जायच्या. लोक तिला ओटा म्हणू लागले.

ओटा न फोडता ट्रॉली नेता येते, हे उत्तमला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना वाळूची पोती, वर फळ्या, आणि मुंगीच्या चालीने चढवायची. पण त्यात दोन तास जातात. ढोलपथक ताटकळतं, पब्लिक शिट्या मारतं.

"फोडून टाक रे, नंतर बांधू," गेल्या वर्षीच्या आगमनाआधी मंडळाचा अध्यक्ष राजाराम म्हणाला.

उत्तमने मशीन मागवलं. मूर्ती लोण्यासारखी आत गेली, हार उत्तमच्या गळ्यात पडला. विसर्जन झालं आणि ते 'नंतर' राहूनच गेलं.

ऑक्टोबरात एका सकाळी शीव कोळीवाड्याची जाईबाई मासळीची पाटी घेऊन तिथेच रस्ता ओलांडत होती. एक बाइकवाला सुसाट आला. बांगडे रस्ताभर उडाले. पहिला धावला तो उत्तमच. त्यानेच तिला उचलून टॅक्सीत घातलं, तिच्या सुनेला फोन केला.

जाईबाईच्या पायात सळी बसली. आता पाटी सून वाहते, ही स्टुलावर बसून विकते. सगळी गल्ली बाइकवाल्याला शिव्या घालायची. उत्तम सगळ्यांपेक्षा मोठ्याने घालायचा.

आणि जाईबाई त्याच्यासाठी रोज ताजी सुरमई बाजूला काढायची. "देवमाणूस हाय तो. त्याच्याकडून पैसं नाय घेणार मी."

घरी बायको, सुभद्रा, तळून वाढायची. हा तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवत बसायचा.

"काटो लागलो काय?"

"व्हय," तो म्हणायचा.

यंदा पालिकेने ओटा पुन्हा बांधला. त्याच संध्याकाळी राजारामने हाक मारली, "उत्तम, मशीनवाल्याला सांगून ठेव हां!" उत्तम तडक जाईबाईच्या स्टुलापाशी गेला.

"जाईबाय, तो ओटा तेव्हा मी फोडलेला. परत बांधला नाय. म्हणून तो बाइकवाला तसा आला."

तिचा कोयता हातातच थांबला. "आन् वरसभर माझी सुरमई खाल्लीस?"

"खाल्ली."

"गिळवली कशी रं, मेल्या?" तिने तोंड फिरवलं. "माझा पाय तर गेला. यंदा कुनाचा घेनार, ते सांग."



मंडळाच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला. "यंदा फळ्या टाकणार. दोन तास लागतील. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा."

राजाराम तडकला. "बाप्पाला रस्त्यात ताटकळत ठेवणार तू?"

"बाप्पाला कधी घाई होती? घाई मला होती. जाईबाईचा पाय माझ्या घाईत गेला."

आगमनाच्या दिवशी फळ्या पडल्या. शिट्या वाजल्या, शिव्याही आल्या, पण ट्रॉली चढली आणि उतरली. स्टुलावरून जाईबाईने मूर्तीला हात जोडले. उत्तमकडे पाहिलंही नाही.

आता ती त्याला सुरमई राखून ठेवत नाही, इतरांसारखाच भाव सांगते. त्याला त्यात बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचीच पुन्हा लाज वाटते.

तुमच्याही मंडळाची मीटिंग लागेल. कुणीतरी म्हणेल, तेवढा फोडून टाकू, नंतर बांधू. तेव्हा चहा पीत बसून राहू नका. उठा, फळ्या मागा. नसतील तर लालबागला या. उत्तमच्या जिन्याखाली ठेवल्यात. घेऊन जा.