भंगारातल्या डब्याला कुंकू

मैत्रिणींनो, आज खंडेनवमीच्या पूजेला ह्यांच्या चाकणच्या कंपनीत गेले होते. टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे अंधाऱ्या खोलीत धुऊन त्यातले तडे शोधायचे, हे ह्यांचं वीस वर्षांचं काम. आता फिल्म बंद. फोटो थेट कॉम्प्युटरवर येतो.

नव्या मशीनला झेंडूचा हार घातला होता आणि ह्यांचा फिल्म बघायचा दिव्याचा डबा दाराबाहेर भंगारात पडला होता. मी त्याला हळदकुंकू वाहिलं.

साहेब हसले. "वहिनी, भंगाराची कसली पूजा?"

"अन्न दिलंय त्यानं, साहेब."

हे हळूच म्हणाले, "अगं, गप्प बस. परवापासून मला गेटवर बसायचंय."

फिल्म गेली, पण तडा तर तोच आहे ना? मग तो ओळखणारे डोळे गेटवर कशाला?