डेलॉसच्या वाटेवर ऐकलेली हाक

माझं नाव माझ्या आत्यानं ठेवलेलं नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण माझी आत्या पुण्यात आणि पाळणा साउथहॅम्प्टनमध्ये, म्हणून तिनं निळ्या एअरोग्रॅमवर पाच नावं लिहून पाठवली होती. आईनं पाचही बाजूला ठेवली आणि कुणाला न विचारता स्वतःच्या मनातलं एक ठेवलं. आत्या त्यावरून कायमची रुसली. भेटली की म्हणायची, "माझा मान गेला तो गेलाच." आईनं तिची कधी समजूत काढली नाही. कुणाला दुखवायला घाबरणारी ही बाई याच एका बाबतीत इतकी हट्टी का, हे मला अकराव्या वर्षी कळलं, आणि ते कळायला ग्रीसपर्यंत जावं लागलं.

त्याआधी हाकेबद्दल सांगते. आई स्वयंपाकघरातून माझ्या नावानं हाक मारायची. मी जिना उतरून खाली जायचे, तर ती सिंकपाशी पाठमोरी उभी, नजर मागच्या बागेत.

"काय गं आई?"

"काही नाही. तुला नाही हाक मारली."

मग कुणाला? त्या नावाचं घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारी तर सगळे इंग्रजच. मला या प्रकाराची भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा जास्त हेवा वाटायचा. कारण मला मारायच्या हाकेत होमवर्क असायचा, ओले सॉक्स असायचे, "कितीदा सांगायचं" असायचं. ही दुसरी हाक मऊ होती. पाळण्यापाशी बोलावं तशी. नाव माझं, पण आवाज माझ्या वाट्याचा नव्हता.

बाबा हाडांचे डॉक्टर होते आणि त्याहून जास्त मास्तर होते. बसस्टॉपवर उभं राहिलं तरी ते पायाच्या घोट्याची रचना समजावून सांगत. त्यामुळे त्या वर्षीच्या ईस्टरच्या सुट्टीत टेनेरिफच्या बीचवर जायचं सोडून आम्ही 'ग्रीक आणि रोमन जगाची कौटुंबिक सफर' नावाच्या बोटीवर निघालो, याचं कुणाला नवल वाटलं नाही. रोज सकाळी लेक्चर, मग किनाऱ्यावर उतरून भग्नावशेष, मग मुलांसाठी क्विझ. गंमत म्हणजे जगातल्या मोठमोठ्या बोटी आमच्या साउथहॅम्प्टनला लागायच्या, आणि आम्हाला ही बोट पकडायला आधी गॅटविकहून अथेन्सला विमानानं जावं लागलं. "हे म्हणजे विहिरीवर राहून टँकरची वाट बघणं," आई म्हणाली. ती या सफरीत तशी राजी नव्हतीच. तिनं बॅगेत चिवड्याचे दोन डबे भरले, मेतकूट भरलं, साडीवर घालायला अनोरॅकचं जाकीट घेतलं.

बोटीवर शिक्षकांची कुटुंबं होती, एक पाद्री होता, आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात पेन्सिल बांधलेला क्लिपबोर्ड. लेक्चर द्यायला केंब्रिजहून निवृत्त झालेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. हातात काठी, डोक्यावर कापडी टोपी, आणि मेलेल्या माणसांबद्दल बोलताना काल भेटल्यासारखं बोलायच्या. बाबा पहिल्या रांगेत बसून नोट्स घ्यायचे. मला त्यांची लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही एपिडॉरसला गेलो. डोंगराच्या उतारावर कोरलेलं अर्धगोल थिएटर, दगडी पायऱ्यांच्या रांगाच रांगा. बाईंनी आम्हा मुलांना अगदी वरच्या रांगेत पाठवलं आणि खाली मधोमध, एका गोल दगडावर उभं राहून कागद फाडला. तो फाटल्याचा आवाज वर आमच्यापर्यंत स्पष्ट आला. मग एकेकानं दगडावर उभं राहून काही बोलायचं, असा तिथं येणाऱ्यांचा रिवाजच आहे. कुणी 'हॅलो' म्हणालं, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. बाबांनी आईला पुढे ढकललं. "अगं जा की, काहीतरी बोल."

ती गेली. अनोरॅकच्या खिशात हात घालून उभी राहिली. लोक खाकरायला लागले. मग तिनं माझं नाव घेतलं. त्याच दुसऱ्या, मऊ आवाजात. मी एवढ्या उंचावर होते आणि ती जणू माझ्या मानेमागे उभी राहून बोलली.

"ओ, आई!" मी वरून ओरडले. सगळे हसले. आईनं वर पाहिलं नाही. ती पायाखालच्या दगडाकडे पाहत होती. शेजारच्या मुलीनं मला कोपरानं ढोसलं, "तुझी मम तुला बोलावतेय." मी म्हणाले, "मला नाही." असं मी का म्हणाले, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी एका बेटावरच्या छोट्याशा म्युझियममध्ये ते घडलं. काचेच्या पेटीत एक मोठं मातीचं मडकं आडवं ठेवलं होतं. त्याचं पोट एका बाजूनं कापलेलं, आणि आत पक्ष्याची असावीत तशी बारीक हाडं. बाईंनी सांगितलं की ही तान्ह्या बाळाची समाधी. मोठ्यांना इथले लोक जाळत किंवा पुरत, पण अगदी लहान बाळांना पुष्कळदा अशा मडक्यात घालून जमिनीत ठेवत. रोमन लोकांचाही नेम होता, दात न आलेल्या बाळाला अग्नी द्यायचा नाही.

आई एकदम म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच." सबंध सफरीत तिला प्रथमच कशात तरी रस वाटलेला पाहून बाबांना उधाण आलं. ते काचेवर वाकले. "हे मांडीचं हाड. लांबी बघ. फुल टर्म आहे, नऊ महिने भरलेले. एवढं असतं बाळ." त्यांनी दोन्ही हात पुढे करून लांबी दाखवली. आणि मास्तरकीच्या त्याच ओघात म्हणाले, "आपलंही एवढंच होतं."

त्यांचे हात तसेच हवेत राहिले. आई त्या हातांकडे पाहत होती.

"तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हालाही दाखवलं नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, "कोणाचं? कोणतं बाळ?" मागे क्विझवाली मुलं मडक्याचं चित्र काढत होती.

परतताना कोचमध्ये आई बाबांच्या शेजारी न बसता माझ्या शेजारी बसली. खिडकीबाहेर बघत तिनं सांगितलं, "तुझ्याआधी एक मुलगी होती. जन्मली तेव्हा गेलेलीच होती. नर्स म्हणाली, गर्ल, आणि टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. मला दाखवली नाही. तेव्हा इथे दाखवत नसत." जराशानं म्हणाली, "कुठे नेली, काय केलं, मला माहीत नाही. तुझे बाबा म्हणाले, हॉस्पिटल बघतं ते सगळं. फॉर्मवर हिंदू लिहिलेलं, म्हणजे जाळलीच असणार. एवढ्याशा बाळाला."

मी अकरा वर्षांची. मला एवढंच कळलं की घरात जे कुणीतरी आहे असं मला वाटायचं, ते खरंच होतं.

पुढचे दोन दिवस आई बाबांशी बोलली नाही. जेवणाच्या टेबलावर "मीठ द्या" सुद्धा माझ्यामार्फत.

मग डेलॉस आलं. उघडं, वारा खात पडलेलं बेट; झाड जवळपास नाहीच, नुसते पडके खांब आणि दगडादगडातून उगवलेली पिवळी-पांढरी रानफुलं, पाली उन्हात पडलेल्या. बाईंनी आम्हाला एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसवलं आणि सांगितलं की हे देवाचं जन्मस्थान, म्हणून या बेटावर कुणाला जन्माला यायची किंवा मरायची परवानगी नव्हती. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला नावेत घालून पलीकडे नेत. एवढंच नाही, आधीच पुरलेली माणसंसुद्धा खणून काढली आणि हलवली.

आईनं मला हळूच म्हटलं, "विचार त्यांना, कुठे नेली."

मी विचारलं. बाईंनी काठी उचलून समुद्रापलीकडे दाखवलं. अगदी जवळ, अरुंद पाण्याच्या पलीकडे, एक तपकिरी बेट आडवं पडलं होतं. "तिथे. त्यांचा खड्डा सापडला आहे. कोण कुठे आहे, सगळ्यांचं नाही, पण जागा ठाऊक आहे."

आई त्या बेटाकडे बघत राहिली. मग दोन दिवसांनी प्रथमच ती बाबांशी बोलली, अगदी साध्या आवाजात. "अहो, अडीच हजार वर्षं झाली. यांनासुद्धा माहीत आहे, कुठे नेलं ते."

ग्रुप पुढे निघून गेला. बाबा त्या भिंतीपाशी बसून राहिले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"ती जाळलेली नाही," ते म्हणाले. "फॉर्मवर हिंदू म्हटलं की क्लार्क क्रिमेशन लिहायचा. मी ते खोडायला लावलं. मी तिला पाहिलं. मीच नेऊन दिली. सिमेट्रीत, भिंतीकडेला, अशा बाळांची जागा आहे."

"आणि मला?" आईनं विचारलं.

"सगळे म्हणाले, तिला सांगू नकोस, विसरेल. माझे सीनियर म्हणाले, लवकर दुसरं होऊ द्या. मग ही झाली." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मग म्हटलं, आता कशाला."

"तेरा वर्षं मी समजत होते, तिला जाळलं," आई म्हणाली.

मला बाबांचा राग आला. ते आता नाहीत, तरी अजून येतो. जगातल्या प्रत्येक हाडाबद्दल बोलणारा माणूस याबद्दल गप्प राहिला. पण त्यांचे ते दोन हातही मला विसरता येत नाहीत. तेरा वर्षांनंतरही लांबी अचूक होती.

सफर संपली. गॅटविकला आमची गाडी लावलेली होती. घरचं वळण आलं तसं आई म्हणाली, "आधी तिकडे." दुपारची वेळ होती, डिकीत सामान, माझ्या मांडीवर चिवड्याचा रिकामा डबा.

सिमेट्रीच्या फाटकाशी माहिती विचारायला एक ऑफिस होतं. बाबा तिथे थांबलेच नाहीत. मोठ्या देवदारांच्या मधून ते सरळ चालत गेले, दोनदा वळले आणि मागच्या भिंतीशी एका हिरवळीच्या पट्ट्यापाशी उभे राहिले. दगड नाही, पाटी नाही. गवतात एक लोखंडी खुंटी आणि तिच्यावर आकडा.

"तुम्हाला रस्ता पाठ आहे," आई म्हणाली.

"दर वर्षी येतो. त्या दिवशी."

"एकटेच."

"हो."

आई गुडघ्यांवर बसली, साडी ओली होईल याचा विचार न करता, आणि गवतावर हात ठेवला. मी मागे, पायवाटेवर उभी होते. आईनं माझं नाव घेतलं.

"ओ," मी म्हणाले.

ती मागे वळली नाही. बाबा मात्र माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं की हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"पोटात असताना मी तिला याच नावानं हाक मारायचे," आई गवताला सांगावं तसं म्हणाली. "बारशाआधी नाव घेऊ नये म्हणतात. मी घेतलं. कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, माझ्या तोंडानंच ती गेली." मग मला म्हणाली, "तू झालीस तेव्हा आत्याची नावं आली. पण हे नाव तसंच पडून होतं गं. टाकून कसं देणार?"

मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते आजही नक्की सांगता येत नाही. मी ज्या नावाला अकरा वर्षं ओ देत होते, ते मला वापरलेल्या फ्रॉकसारखं मिळालं होतं. आईनं हात पुढे केला, मला जवळ ओढलं आणि गवतावर बसवलं. पुन्हा एकदा नाव घेतलं. या खेपेला ते कुणाचं, मी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर सिंकपाशी उभं राहून आईनं कधी हाक मारली नाही. घरात हाक आली की ती माझ्यासाठीच असायची, होमवर्कची, ओल्या सॉक्सची. आईही आता नाही. पण माझी सवय गेलेली नाही. कुणीही मला नावानं हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसरी येईपर्यंत थांबते. पहिली तिची असते. ऑफिसातल्या लोकांना वाटतं, मला कमी ऐकू येतं.